पोरगी शहाणी झाली

इंदापूरच्या शिवतेज कॉलनीत संध्याकाळी रस्त्यावर मूल दिसत नाही. कुत्री दिसतात, मोटारसायकली दिसतात, दारापुढं पाण्याचा पाइप धरून धूळ बसवणारी माणसं दिसतात. मुलं आत असतात. पंख्याखाली, सोफ्यावर उताणी, छातीवर मोबाइल. हाक मारली तर 'हां' म्हणतात, आणि तो 'हां'सुद्धा मोबाइलकडं बघूनच.

यावर मोठ्यांचं बोलणं मात्र रोजचं असायचं. 'आमच्या येळंला' असं म्हणून जो तो सुरू व्हायचा. कोण विहिरीत मुटका मारायचा, कोण चिंचेवरून पडलेला, कुणाचा हात विटीदांडूत मोडलेला. ऐकणाऱ्याला वाटावं की या मंडळींचं सगळं लहानपण झाडावरच गेलं. हीच मंडळी स्वतःच्या गाडीच्या काचेला चेंडू लागला की कुणाच्याही पोराच्या कानाखाली वाजवायची. ते मात्र कुणी सांगायचं नाही.

या कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष संभाजीराव. शेळगावला त्यांची पेरूची बाग. पोरांच्या शाळेसाठी त्यांनी इंदापुरात घर बांधलं आणि सकाळ-संध्याकाळ बागेला हेलपाटे सुरू केले. दारू नाही, कुणाशी भांडण नाही, बायकोवर कधी हात टाकलेला नाही. वाईट माणसाची गोष्ट लिहायला सोपी असते. ही चांगल्या माणसाची आहे, म्हणून तर डोकं जास्त फिरतं.

तर या संभाजीरावांनी कुठल्याशा शहरातला व्हिडिओ पाहिला. रविवारी रस्ता गाड्यांना बंद, आणि रस्ताभर पोरं खेळतायत. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी मंडळाची बैठक बोलावली आणि ठरलं: संक्रांतीनंतरच्या रविवारी कॉलनीचा मोठा रस्ता दोन्ही बाजूंनी दोरी लावून बंद करायचा. लगोरी, लंगडी, भोवरा, विटीदांडू, सगळं. वय वर्षं सहा ते चौदा. या महोत्सवाला नाव ठेवलं 'रस्ता मुलांचा'. मंडळाचा सचिव अजित, त्यानं बारामतीवरून फ्लेक्स करून आणला. फ्लेक्सवर मंडळाच्या सगळ्यांचे फोटो, फेटे बांधून, हात जोडून. मुलाचा एकही नाही. खाली एका कोपऱ्यात एक भोवरा तेवढा होता.

संभाजीरावांना दोन मुलं. धाकटा राजवर्धन, आणि थोरली राजलक्ष्मी, आठवीत शिकणारी. लगोरीत राजलक्ष्मीचा नेम असा होता की मुलगे तिला आपल्याकडं घेण्यासाठी भांडायचे. पण दिवाळीच्या आधीपासून ती रस्त्यावर दिसलेली नव्हती. का, ते सगळ्या कॉलनीला माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं.

ती शहाणी झाली होती.

आपल्याकडं मुलीला पहिल्यांदा पाळी आली की असं म्हणतात. 'पोरगी शानी झाली.' शब्द बघा किती चांगला आहे. ज्यानं कुणी केला त्यानं मुलीला मान देऊनच केला असेल. राजलक्ष्मीलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. आजी कोऱ्हाळ्याहून हिरवी साडी घेऊन आली. गल्लीतल्या बायका जमल्या, तिला चौरंगावर बसवलं, गजरे घातले, ओटी भरली. कुणी गाणं म्हटलं, कुणी चेष्टा केली. राजलक्ष्मी लाजली आणि हसली. एवढ्या बायका आपल्यासाठी आल्या, याचं तिला अप्रूप वाटलं.

चार दिवसांनी ती चेंडू घेऊन बाहेर निघाली, तर फाटकाशीच तिच्या आईनं, सोनलनं, तिचा दंड धरला.

"आता बास. शानी झालीस."

झालं. एवढंच. पुढं कुणी काही सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही, कारण आईचा चेहरा विचारू देणारा नव्हता. संभाजीराव तेव्हा ओट्यावरच चहा पीत होते. बायकांचं बायका बघतील, असं म्हणून त्यांनी कप तोंडाला लावला. आणि पुढं महिन्याभरानं हेच संभाजीराव आल्यागेल्याला सांगायला लागले, की आमची राजी पण बघा, सारखी मोबाइलवर. बाहेर म्हणून पडत नाही.

महोत्सवाचा फ्लेक्स लागला त्या दिवशी राजलक्ष्मी बापासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, सहा ते चौदा लिवलंय. मी तेरा वर्षांची हाय."

"मंग खेळ की. तुला कोण नगं म्हणतंय?" ते म्हणाले. ते खरंच तसं समजत होते. आपण कुणाला काही नको म्हटलेलं त्यांना आठवतच नव्हतं.

पोरीनं कपाटाखालचे कॅनव्हासचे बूट काढले, धुतले, गच्चीवर वाळत घातले. लगोरीसाठी फरशीचे तुकडे गोळा करून त्यांच्या कडा घासल्या. अजितची मुलगी स्वरूपा तिच्याच वर्गात होती आणि तिच्यासारखीच घरात बसवलेली होती. तिला हिनं निरोप धाडला, की रविवारी आपल्याला सोडणार आहेत.

मंडळी, 'सोडणार आहेत' हा शब्द मी माझ्या पदरचा घातलेला नाही. पोरींनी तोच वापरला होता. दावणीची जनावरं स्वतःबद्दल बोलली असती तर तोच वापरला असता.

शनिवारी अजित घाईनं आला. मोठी बातमी होती. पुण्याचे एक नामांकित वक्ते यायला तयार झाले होते. मुलं कशी वाढवावीत यावर ते गावोगाव व्याख्यानं द्यायचे. आता एवढा पाहुणा येणार म्हटल्यावर कमान पाहिजे, शाल-नारळ पाहिजे, आणि औक्षणाला मुली पाहिजेत. लहान नकोत, ताट सांडतात. जरा मोठ्या, नऊवारी शोभेल अशा. म्हणजे कोण, तर सहा ते चौदामधल्या नेमक्या त्याच, ज्या शहाण्या झाल्या म्हणून घरात होत्या. सोनलला ते पटकन पटलं. मुलगी चारचौघांत पण दिसेल, आणि पदरात पण राहील. तिनं त्याच संध्याकाळी साडीला इस्त्री केली.

राजलक्ष्मी बापाकडं बघत राहिली. संभाजीराव म्हणाले, अगं, घटकाभराचं काम. पाहुणा आला, ओवाळलं, की साडी सोडायची आणि खेळायला मोकळी.

रविवार उजाडला. दोन्ही टोकांना दोरी बांधली. कारखान्याला ऊस घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवाल्यांना कार्यकर्त्यांनी हात करकरून दुसऱ्या रस्त्यानं लावून दिलं. आणि खरं सांगतो, पहिला तासभर जे झालं ते बघण्यासारखं होतं. पोरं आधी बावचळली. एवढा मोकळा रस्ता, यात करायचं काय? मग कुणीतरी एक जुना टायर सोडला आणि त्याच्यामागं सगळी आरडत पळाली. भोवऱ्याला जाळीची दोरी कशी गुंडाळायची ते दाखवायला बाप मंडळी पुढं झाली आणि परत पोरांच्या हातात भोवरा द्यायचंच विसरली. एक आजोबा लंगडी घालायला गेले आणि पडले आणि पडल्या पडल्या हसत राहिले. रस्त्याला त्या दिवशी कंठ फुटला होता.

आणि कमानीखाली दोन रांगांत मुली उभ्या होत्या. नऊवारी, नथ, अंबाडा, हातात ताट. वाऱ्यानं निरांजन विझायचं, परत लावायचं. पाहुण्यांचा फोन आला की भिगवणला नाश्त्याला थांबलोय. मग फोन आला की निघालो. मग फोनच लागेना. ऊन डोक्यावर आलं. स्वरूपाचा काष्टा सैल झाला, तिला हलता येईना. लगोरीचा डाव हाताच्या अंतरावर चालला होता आणि कुणाचाच नेम लागत नव्हता. एकदा चेंडू घरंगळत राजलक्ष्मीच्या पायाशी आला. तिनं तो पायानं परत लोटला. तेवढ्यात ताट कललं आणि कुंकू साडीवर सांडलं. बायकांच्या रांगेतून सोनलनं डोळे वटारले.

कौसल्याकाकी तिथून चालली होती. कॉलनीच्या तोंडाशी तिची पिठाची गिरणी. जन्मभर गिरणीच्या आवाजात बोलून बोलून तिचं कुजबुजणंसुद्धा चार घरांना ऐकू जायचं. ती मुलींपाशी थांबली आणि विचारलं, की पोरींनो, तुमचा कंचा खेळ चाललाय?

"स्टॅच्यू, काकी," राजलक्ष्मी म्हणाली. "फकस्त ओव्हर म्हणायला कुणी न्हाय."

काकी हसली नाही.

दुपार व्हायला आली तेव्हा पाहुणे आले. लगेच शिट्ट्या फुंकल्या, डाव मोडले आणि सगळी पोरं सतरंजीवर मांडी घालून बसवली. मुलींनी ओवाळलं, फोटो निघाले. एक फोटो हलला म्हणून परत ओवाळलं. मग शाल, नारळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. ज्या रस्त्यावर पोरं पळत होती, त्याच रस्त्यावर आता पोरं गप्प बसून मोठ्यांचा खेळ बघत होती.

पाहुणा मात्र बोलायला बरा होता. मोबाइल बंद करा, मुलांना मोकळं सोडा, म्हणाला. अंगाला माती लागू द्या, गुडघे फुटू द्या. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. टाळ्या पडत होत्या. टाळ्यांनी त्याला अजून हुरूप आला आणि त्यानं जवळच्याच एका मुलीला हात धरून पुढं घेतलं. ती राजलक्ष्मी होती. नाव विचारलं, वय विचारलं, आवडता खेळ विचारला. ती म्हणाली, लगोरी.

"मग आज खेळलीस की नाही?"

"न्हाय."

"का गं?"

तिनं समोर बसलेल्या बापाकडं बघितलं. माइक तोंडापुढं होता. कदाचित तिला वाटलं असेल की एवढा मोठा माणूस विचारतोय, तर खरं सांगावं. कदाचित ती नुसतीच दमली होती.

"मी शानी झाले," ती म्हणाली. "तवापासनं बंद हाय."

चारी खांबांवरच्या कर्ण्यांतून ते कॉलनीभर गेलं. बाया पदर तोंडाला लावून खाली बघायला लागल्या. पुरुष एकदम बुटांच्या नाड्या तपासायला लागले. अजितच्या हातातला नारळ तसाच राहिला.

आणि पाहुणा? पाहुणा पुण्याचा. त्याला हे शब्द ओळखीचे नव्हते. त्याचा चेहरा आनंदानं फुलला.

"ऐकलंत? ऐकलंत का, पालकहो? ही मुलगी म्हणते, मी शहाणी झाले, आणि तेव्हापासून मोबाइल बंद! तेराव्या वर्षी हे शहाणपण! मी तर म्हणेन, इथल्या प्रत्येक मुलीनं असंच लवकर शहाणं व्हावं. टाळ्या!"

एकही मोठा माणूस हलला नाही. सतरंजीवरच्या बारक्या पोरांनी मात्र टाळ्या वाजवल्या, कारण पाहुण्यांनी टाळ्या म्हटलं की वाजवायच्या असं त्यांना सकाळीच बजावलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बाकड्यावरून मोठ्यानं हसू आलं. तिथं कार्यकर्ते बसले होते, छातीला बिल्ले लावून. त्यातला एक बायकी आवाज काढून म्हणाला, "शानी झालीस व्हय गं?" आणि सगळे परत खिदळले.

अजितनं माइक ओढून घेतला आणि पोहे तयार असल्याचं जाहीर केलं.

घरात पाऊल टाकताच सोनलनं मुलीच्या थोबाडीत मारली. नथ निसटून फरशीवर पडली. संभाजीरावांनी आवाज चढवला. गावादेखत नाक कापलंस, म्हणाले. अध्यक्षाची पोरगी तू, माइकवर असलं बोलतात? उद्या मी तोंड कसं दाखवू? राजलक्ष्मी रडली नाही. गालाला हात लावून उभी राहिली.

"पप्पा, मी खोटं बोलले का?"

संभाजीराव अजून मोठ्यानं ओरडले.

कौसल्याकाकी न विचारता आत आली. खुर्ची ओढून बसली. आधी तिनं खाली पडलेली नथ उचलून टेबलावर ठेवली.

"कसलं नाक कापलं म्हणता, संभाजीराव?"

"काकी, तुमी ऐकलंय न्हवं ती काय बोलली?"

"ऐकलं की. पण त्यात नवीन काय हाय? दिवाळीच्या आधी ह्याच खोलीत आमी समद्या बायका जमलो. तुमीच बोलावलं. पोरीला मखरागत सजवली, गाणी म्हटली, गावजेवण घालायचं तेवढं ठिवलंत. तवा कुणाचं नाक कापलं न्हाय. आज तिनं त्योच शबूद स्वतःच्या तोंडानं म्हटला, तर कापलं? म्हंजे आमी बोललो तर कौतुक, आन् तिनं बोललं तर लाज?"

संभाजीराव म्हणाले, ते बायकांचं होतं. हे पुरुषांदेखत झालं.

"मंग तिला रस्त्यावर जायची बंदी कुणापायी केली? बायकांपायी का पुरुषांपायी?"

काकी मग म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज गिरणीवाल्या बाईचा नव्हता, हळू होता:

"शानी म्हंजे काय वो? ज्याला कळतं त्यो शाना. आपण म्हणतो आजपासनं पोरीला कळाय लागलं. आन् नेमकं त्याच दिवशी तिला इचारायचं बंद करतो. तिला काय वाटतं, तिला खेळायचंय का, एकानं तरी इचारलं का हिला? पोरगी शानी होती, आन् घर खुळं होतं. डाळजला माझ्या आईचं घर खुळं झालं, हितं आल्यावर पोरीच्या येळंला माझं झालं. आज तुमचं झालंय."

आता सोनल बोलली. इतका वेळ ती भिंतीला टेकून उभी होती. तिनं जे सांगितलं ते आजपर्यंत नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. आपल्याला काय हौस आहे का पोरीला कोंडायची, म्हणाली. कोऱ्हाळ्याला आपल्यालाही असंच बसवलं होतं, तेव्हा आपणही रडलो होतो. पण आईचा जीव कशानं उडतो ते आता कळतंय.

"कोपऱ्यावर टगी बसत्यात, काकी. पोरगी चेंडूमागं वाकली की काय बोलत्यात, ते मी दूध आणायला जाताना ऐकलंय. माझ्या कानानं. ती चौथीतली असती तर मला एवढं वाटलं नसतं. आता कशी सोडू?"

"कोण बोलतंय?" संभाजीराव ताडकन उठले. "नाव सांग. तंगड्या मोडतो एकेकाच्या."

सोनल मग म्हणाली, "आपला अविराज बी असतो त्यात."

अविराज म्हणजे संभाजीरावांच्या सख्ख्या भावाचा मुलगा. सकाळी त्याच्या छातीला बिल्ला त्यांनीच लावला होता. आणि ज्या बाकड्यावर ती टोळी बसायची, ते सिमेंटचं बाकडंही त्यांनीच दिलेलं, वडलांच्या स्मरणार्थ, पाठीवर नाव कोरून. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी टेकावं म्हणून दिलेलं. म्हातारं माणूस तिथं कधी टेकलंच नव्हतं.

संभाजीराव परत खाली बसले.

"शेजाऱ्याचं जनावर सुटून आपल्या रानात शिरलं तर आपण काय करतो?" काकी म्हणाली. "जनावर बांधतो का न्हाय? का पीक उपटून घरात आणून ठिवतो? तुमी शेतकरी माणूस. तुमच्या बागेत कुणी पेरू चोरले तर तुमी झाडं न्हाय कोंडत. मंग पोरीलाच कशापायी कोंडलं? सोपं पडतं म्हणून. ती ऐकती म्हणून. टग्यांना बोलायचं म्हंजी भावाशी भांडण, मंडळात वाकडेपणा. पोरीला बोलायला काय लागतं? दंड धरला, झालं."

बाहेर दोऱ्या सोडल्या होत्या आणि अडवलेले ट्रॅक्टर हॉर्न देत एकामागं एक रस्त्यानं निघाले होते. 'रस्ता मुलांचा' संपला होता. त्यात राजलक्ष्मीनं एकदाही चेंडू फेकलेला नव्हता.

संभाजीरावांच्या मनाला ते बाकडं लागलं! पोरीच्या गालावरचे वळ बघून जे झालं नव्हतं, ते बाकड्यावरच्या बापाच्या नावानं झालं. माणसाला कशाची लाज वाटेल ते सांगता येत नाही. पण वाटली, हे महत्त्वाचं.

सोमवारी संध्याकाळी ते पेरूचा पिकअप घेऊन थेट कोपऱ्यावर गेले. टोळी बसलेलीच होती. अध्यक्ष आले म्हणून पोरं जरा सावरली. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही. अविराजला म्हणाले, ऊठ, ती बाजू धर. दोन-तीन हात लागले आणि बाकडं गाडीत चढलं. अजित पळत आला. अध्यक्ष, वडलांच्या नावाचं बाकडं असं काढता? लोक काय म्हणतील?

"वडलांचं नाव रोज ह्यांच्या पाठीला लागतंय," संभाजीराव म्हणाले. "आन् हितं बसून त्यांच्या नातीवर इनोद चालत्यात. जाऊ दे बागंत. तितं माकडं तरी बसतील. ती बोलत न्हाईत."

मग सगळ्यांदेखत ते अविराजकडं वळले.

"काल तू हसलास. ती तुझी बहीण हाय म्हणून सांगत न्हाय. बहीण नसती तरी तुला हसायचा हक्क न्हवता. उद्यापासनं संध्याकाळी तू हितं दिसायचा न्हाईस. पोरी खेळणार हायत. घरात बसून बघ, कसं वाटतं."

आता इथं गोष्ट संपवली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण मला बरं वाटायचं लिहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी संभाजीराव स्वतः घरोघर फिरले. मुलींना संध्याकाळी सोडा, आम्ही मोठी माणसं रस्त्यावर उभी राहतो, म्हणाले. दोन घरांनी हो म्हटलं. एका घरानं बघू म्हटलं, म्हणजे नाही. भावानं फोन उचलणं बंद केलं. आणि अजितनं, ज्यानं महोत्सवाचा फ्लेक्स आणला होता, त्यानं दारातच सांगितलं, की अध्यक्ष, तुमच्या घरातलं तुम्ही माइकवर आणलं, आमच्या घरात ते चालत नाही. बोलणं चाललं होतं तेव्हा स्वरूपा मागं जिन्यात उभी होती. तिच्या पायात बूट होते.

शेवटी चार-पाच मुली जमल्या. बारके मुलगे होतेच. सोनल फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. तिच्यासाठी तेही सोपं नव्हतं. डाव लागला. राजलक्ष्मीनं चेंडू फेकला आणि लगोरी एका फटक्यात विखुरली. पोरं ओरडली. संभाजीरावांच्या तोंडून वा निघून गेलं.

पण ती पळाली नाही.

पळायच्या आधी तिनं ओढणी चाचपली. कुर्ता खाली ओढला. रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं, मग समोरच्या खिडक्यांकडं, मग आईकडं. तेवढ्यात चेंडू येऊन तिच्या पाठीत बसला आणि ती बाद झाली. दुसऱ्या डावात तेच. नेम तसाच अचूक, आणि नेमानंतर तेच बघणं. दिवाळीच्या आधीची राजलक्ष्मी चेंडू सोडला की वाऱ्यासारखी सुटायची. तिला माहीतही नसायचं की आपल्याला अंग आहे, आणि त्याच्याकडं कुणी बघतं.

संभाजीराव काकीशेजारी उभे होते. बराच वेळ बघून म्हणाले, "काकी, ती पळायच्या आधी बघती."

"व्हय."

"आता तितं कुणी न्हाय. तरी बघती."

"बघंल. चार महिने तिला तेच शिकवलंय न्हवं."

"कवा जाईल ते?"

ते काकीलाही माहीत नव्हतं. मोबाइल हातातून काढून घेता येतो, बाकडं उचलून नेता येतं. पोरीच्या डोळ्यात घातलेली भीती काढायला कुठलं मंडळ येणार आहे?

मंडळी, मी शिकलेला माणूस नाही आणि मला गोड बोलता येत नाही. म्हणून सरळ सांगतो. मुलं बाहेर येत नाहीत म्हणून वर्षातनं एकदा रस्त्याला दोरी बांधू नका. आधी बघा, अर्धी मुलं तुम्हीच आत बसवलीत. वयात येणं हा मुलीचा गुन्हा नाही, आणि त्याची शिक्षा म्हणून तिचा रस्ता काढून घ्यायचा अधिकार आईला नाही, बापाला नाही, कुणाच्या बापाला नाही. तिला आत ओढायला जो हात पुढं होतो, तोच हात आपल्या मुलाच्या, पुतण्याच्या, भाच्याच्या खांद्यावर ठेवा आणि त्याला वेळेवर सांगा, की बघायचं कसं आणि बोलायचं काय. तो ऐकत नसेल तर त्याला घरात बसवा.

आणि परत कुणी तुम्हाला म्हणालं, की मुलीला बाहेर कसं सोडायचं, बाहेर काय काय माणसं असतात, तर त्याला एवढंच विचारा: बाहेर कोण असतं? परमुलखातनं कुणी येत नाही. बाहेर आपणच असतो.